एकचाकी, पाच वर्षांचा अनुभव

नाही, पण मी काय म्हणतो, हँडल काढायची गरज काय होती? एक चाक कमी केलंत, ठीक आहे बाबा, तुमची मर्जी, दोनाच्या जागी एकात भागवलंत, पण हँडल? हँडलाने काय घोडं मारलं होतं तुमचं? तुम्हाला सांगतो, हा माझा उजवा खांदा बघा, हा, हात असा वर केला की कट्ट... आलं ऐकू? मागच्या रांगेत? हा खांदा चोवीस दिवस हँडल म्हणून वापरला गेलाय! आणि वापरला कोणी, तर आमच्या शेजारच्या पुंजारामने. पुंजाराम पगारे. माणूस एक नंबर, शब्दाला पक्का, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, पण हाताची पकड अशी की शर्ट फाटेल, पकड सुटणार नाही. माझे दोन शर्ट गेले. त्यातला एक लेकीच्या लग्नातला होता.

युनिसायकल! पाहिलीय का कुणी? एक चाक, दोन पायडल, वर एक दांडा, दांड्यावर सीट, झाली सायकल! ब्रेक नाही, घंटी नाही, स्टँड नाही, आणि धरायला काही नाही हो तिला! माणसाने बसायचं, पाय मारायचे आणि हात... हातांचं काय करायचं? हात काय घरी ठेवून यायचे?

आता तुम्ही म्हणाल, अहो मल्हारीकाका, बेचाळीस वर्षांचा माणूस, दोन लेकरांचा बाप, हे सर्कशीतलं खूळ घेऊन बसला तरी कशाला, हौस असेल! हौस? छे हो! पुंजारामला साधी सायकल येत नाही. खरं सांगतो. लहानपणी घरात सायकल नव्हती आणि मोठेपणी शिकायची लाज वाटली, म्हणून हा माणूस आमच्या कॉलनीतून अंबडला कामावर शेअर रिक्षाने जाणार, नाही मिळाली तर पायी. ज्याला दोन चाकांवर बसता येत नाही त्याला एका चाकावर बसवलं ते एका फॉर्मने!

झालं असं, की पुंजाराम आधी पाच वर्षं एकलहऱ्याला होता, वीजकेंद्रावर, ठेकेदाराच्या हाताखाली. काम काय, तर राख वाहायची. पुढे एक चाक, मागे दोन दांडे, मध्ये लोखंडी पाटी, ती राखेने भरायची, दांडे उचलायचे आणि ढकलत न्यायची. बांधकामावर बघता ना तुम्ही, ती ढकलगाडी. तिथे सगळे तिला एकचाकी म्हणायचे. 'ए पुंजा, एकचाकी आण.' 'एकचाकी कुणी नेली रे?' पाच वर्षं दिवसभर कानावर तोच शब्द. मग तो अंबडला आला, एका इंजिनीअरिंग कंपनीत, तिथेही ठेकेदाराकडूनच, त्याला झाली तीन वर्षं. ठेकेदाराचा माणूस म्हणजे आज आहे, उद्या नाही. आणि ह्या जानेवारीत कंपनीने पत्रक काढलं, की ठेकेदाराची पाच माणसं कायम करणार. कायम! पुंजारामच्या घरात हा शब्द इतक्या हळू आवाजात बोलायचे, की मला भिंतीला कान लावावा लागायचा... म्हणजे, सहज लागायचा कान.

तर त्या पाच जणांना फॉर्म दिले. नाव, गाव, शिक्षण, सगळं भरलं, आणि एका ठिकाणी प्रश्न आला: कोणकोणती वाहने चालवता येतात? दुचाकी, चारचाकी, इतर. दुचाकीपुढे ह्याने फुली मारली. चारचाकीपुढे फुली मारली. शेजारी बाकीचे चौघे टकाटक बरोबरच्या खुणा करतायत आणि आपल्या दोन्ही फुल्या! मग नजर गेली तिसऱ्या रकान्यावर, इतर. पुंजारामने पेन सरळ धरला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'एकचाकी, पाच वर्षांचा अनुभव.' आता मला सांगा, ह्यात खोटं आहे का काही? एक अक्षर खोटं नाही! खाली सही ठोकली. आणि सहीच्या वर बारीक अक्षरात छापलेलं, की वरीलपैकी कोणतीही माहिती खोटी आढळल्यास सेवा तात्काळ समाप्त करण्यात येईल. हे त्याने सही केल्यावर वाचलं. आपण सगळेच सहीनंतर वाचतो.

फेब्रुवारीच्या तीन तारखेला नोटीस बोर्डावर कागद लागला. 'सुरक्षा सप्ताहानिमित्त चार मार्च रोजी श्री. पुंजाराम पगारे हे एकचाकीचे प्रात्यक्षिक सादर करतील.' पुंजाराम खूश! त्याला वाटलं, चला, आपल्या कामाची किंमत कळली कुणाला तरी. तेवढ्यात मागून आला रोहित. रोहित म्हणजे कळवणकडचा, त्याच्याच शेडमध्ये मशिनवर ऑपरेटर, आणि जगात असं काही नाही जे ह्याला माहीत नाही.

'पुंजाभाऊ! लय भारी! एकचाकी चालवता तुम्ही? आन् आम्हाला सांगितलं बी नाय!'

'चालवतो म्हणजे... ढकलतो रे.'

'ढकलतो काय? हे बघा.' मोबाईल पुढे. त्यात कोणी एक गोरा माणूस एका चाकावर बसून फुटपाथवरून चाललाय, हातात तीन चेंडू, एक वर, एक खाली, आणि चेहरा असा की बागेत फिरतोय. 'हिला म्हणतात एकचाकी. युनिसायकल. तुमची ती राखेची गाडी नाय. माती वाहायचं कुठं प्रात्यक्षिक राहतं का भाऊ? सायेब पुण्याहून काय घमेलं बघायला येणार हे का?'

आणि तुम्हाला सांगतो, पटलं! पुंजारामला पटलं! मलासुद्धा पटलं असतं, कारण रोहित चुकीचं बोलत असला की त्याचा आवाज फार खात्रीचा होतो. पुंजारामच्या डोळ्यांपुढे ती बारीक अक्षरं आली. खोटी आढळल्यास. तात्काळ. समाप्त.

बरं, मग सरळ जाऊन विचारावं की नाही? गेला ना! एचआरच्या उज्वला मॅडमकडे गेला, दारात उभा राहिला, हातातली टोपी पिळत म्हणाला, 'मॅडम, ते एकचाकीचं...' मॅडमच्या एका कानाला फोन, दुसऱ्या हातात फाईल, 'हो हो पगारे, तुम्हीच! तुमच्या फॉर्ममध्येच वाचलं मी, पाच वर्षांचा अनुभव, साहेब एकदम खूश झाले. वळणावर जरा नीट दाखवा हं, तिथेच सगळे पडतात. आणि उतारावर. बॅलन्स महत्त्वाचा. जमेल ना?' आता ह्याने म्हणायचं होतं, मॅडम, कोणती एकचाकी? तीन शब्द! चोवीस दिवस वाचले असते, दोन शर्ट वाचले असते, माझा खांदा वाचला असता! पण फाईल तिच्या हातात उघडी होती हो, आणि त्या फाईलमध्ये ह्याचं कायम होणं होतं. पुंजाराम म्हणाला, 'जमेल.' आणि बाहेर येऊन नळाखाली डोकं धरलं.

रोहितनेच मोबाईलवरून ती वस्तू मागवली. चौथ्या दिवशी खोकं आलं. संजनाने, म्हणजे पुंजारामच्या बायकोने, खोकं उघडलं, आत बघितलं, खोकं उलटं करून झटकलं, थर्मोकोल चिवडला, आणि लावला की फोन कंपनीला! मी तिथेच होतो.

'अहो, तुम्ही अर्धीच सायकल पाठवलीत!'

'मॅम, प्रॉडक्ट कंप्लीट है।'

'कंप्लीट कसं? पुढचं चाक नहीं है, हँडल नहीं है, चेन नहीं है! रस्त्यात कोणी काढून घेतलं का?'

'मॅम, वो ऐसी ही आती है।'

'ऐसी ही आती है तर माणसाने धरायचं कशाला?'

तिकडून फोन ठेवला. धरायला काही नाही हो तिला!

मग सुरू झाली तालीम. आमच्या कॉलनीतल्या विहाराच्या मागे मोकळी जागा आहे, एका बाजूला कमरेएवढी भिंत. पहाटे साडेपाचला, कारण सातला ह्याची पाळी. फेब्रुवारीतली नाशिकची थंडी, तोंडातून वाफा, आणि हा तिथे उभा. संजनाने जुनी गोधडी फाडून त्याच्या गुडघ्यांना बांधलेली, कोपरांना बांधलेली, मागे पँटच्या आतसुद्धा एक घडी घातलेली. पायरीवर त्याची आई, चांगुणाबाई, शाल पांघरून. समोर विटांच्या थप्पीवर मोबाईल, त्यात एक शिकवणारा. आणि डाव्या बाजूला भिंत, उजव्या बाजूला मी. मी कसा तिथे? दूध आणायला निघालो होतो हो! 'काका, एक मिनिट उभे राहता का?' म्हणाला. मी राहिलो. चोवीस दिवस राहिलो.

मोबाईलमधला म्हणतो, 'घबराइए मत। पूरा वजन सीट पे डालिए। सामने देखिए।' पुंजाराम सीटवर बसला. बसला म्हणजे काय, एक पाय पायडलवर, दुसरा उचलला, आणि मध्ये जे व्हायचं ते झालं! चाक गेलं गंगापूर रोडला आणि पुंजाराम राहिला अंबडला! आणि मी मध्ये! चांगुणाबाई पायरीवरून ओरडली, 'बाळा, पडशील रं!' अहो, पडलाय तो! 'आये, पडलोय मी!' 'मंग उठ, लय गार हाय फरशी!'

तुम्हाला वाटतं, पायडल मारलं की पुढे जाते. नाही! पुढे मारलं की पुढे, मागे मारलं की मागे, आणि थांबलं की थांबतच नाही, खालून निघून जाते. साध्या सायकलला पाय आराम करतात, उतार लागला की आपण मजेत बसतो. हिला आराम नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत. आणि खाली बघितलं की पडलो, चाकाकडे बघितलं की पडलो, 'पडू नको' असं मनात म्हटलं की तर हमखास पडलो! सीट मात्र जागची हलत नाही, तिचा जो काही त्रास आहे तो मी ह्या ठिकाणी बायकामाणसांसमोर सांगत नाही, पण आठ दिवस पुंजाराम कॅन्टीनमध्ये उभ्याने जेवला. लोकांना वाटलं मूळव्याध. रोहितने त्यावरसुद्धा औषध सांगितलं.

आणि मुख्य अडचण तुम्हाला सांगतो. त्याचे हात! पाच वर्षं दांडे धरलेले हात ते. तोल जायला लागला की बाकीच्यांचे हात पसरतात, पंखांसारखे, ह्याचे हात खाली जाऊन मुठी आवळायचे! दांडे शोधायचे! तिथे दांडे नाहीत, तिथे मी! 'पुंजाराम, सोड.' 'सोडतो काका.' 'अरे सोड ना.' 'सोडलंय काका.' 'मग माझ्या मानेवर हे कुणाचं बोट आहे?' धरायला काही नाही हो तिला, काय करील बिचारा!

कॉलनीत बातमी पसरली. पहिल्या आठवड्यात चार जण बघायला, दुसऱ्या आठवड्यात चहाची किटली घेऊन बघायला. प्रत्येक जण एकेक सल्ला देणार. एक म्हणे श्वास रोखा, एक म्हणे श्वास सोडा. कॉलनीतली भागुबाई म्हणाली, 'दृष्ट काढ गं संजने.' संजना म्हणाली, 'दृष्ट लागायला आधी जमायला पाहिजे ना मावशी.' हसले सगळे. पुंजाराम पण हसला. पण त्याचं हसणं वरवरचं होतं, मला खांद्याला कळायचं.

पंधराव्या दिवशी एका सकाळीत तो सातव्यांदा पडला आणि उठलाच नाही. तसाच बसून राहिला भिंतीला टेकून, कोपराची गोधडी सुटलेली. मी म्हटलं, 'पुंजाराम, बास झालं. जाऊन सांग मॅडमला. म्हणावं, मला येत नाही.' तर म्हणाला, 'काका, सांगितलं की फाईल उघडणार. फाईलमध्ये लिहिणार, खोटी माहिती. तीन वर्षं झाली काका, संजनाने एकदाही विचारलं नाही, पुढच्या महिन्यात काम आहे का म्हणून. एकदाही नाही. ती विचारत नाही ना, त्यानेच मला झोप लागत नाही. तिनं भांडावं, ओरडावं. ती नुसती डबा भरून देते.' मी त्याला हात दिला, त्याला उभा केला, आणि खांदा पुढे केला. रागानेच केला. म्हटलं, 'बस. चल. धर.'

आणि अठराव्या दिवशी काय झालं सांगू? काही झालं नाही. म्हणजे नेहमीसारखाच तो बसला, मी धरला, मागून कुत्रं भुंकलं, मी वळून बघितलं, आणि परत बघतो तर खांदा हलका! पुंजाराम पुढे! एक पायडल... दोन... तीन... आणि धप्प. पण तीन! कुणालाही न धरता तीन! चांगुणाबाईने टाळ्या वाजवल्या, संजनाच्या डोळ्यांत पाणी, आणि मी, मी कुत्र्याला बिस्कीट घातलं. बाविसाव्या दिवशी नऊ पायडलं. तीन मार्चला सकाळी, शेवटच्या तालमीत, बारा. बारा पायडलं म्हणजे ह्या भिंतीपासून त्या कडुलिंबापर्यंत. दर वेळी शेवट एकच, धप्प. कारण थांबायचं कसं, उतरायचं कसं, तो धडा मोबाईलमध्ये पुढे होता आणि आम्ही तिथवर पोचलोच नव्हतो.

आला चार मार्च. सुरक्षा दिनाला कामगारांच्या घरच्यांना बोलावतात. मी घरचा नाही, पण माझा खांदा घरचाच होता, तेव्हा गेलो. कंपनीचं आवार, मांडव, दोनशे माणसं, समोर पुण्याचे मोठे साहेब, टेबलावर पांढरा कपडा, फुलदाणी, पाण्याचा जग. सेफ्टी ऑफिसरांनी हेल्मेटवर भाषण केलं. मग उज्वला मॅडम माईकवर, 'आता आपले पगारे एकचाकीचं प्रात्यक्षिक दाखवतील!' टाळ्या. संजनाने माझा खांदा धरला. तिनेसुद्धा!

आणि कॅन्टीनच्या मागून पुंजाराम निघाला. एका चाकावर! हात पसरलेले, नजर समोर, ओठ घट्ट, गुडघ्याला गोधडी. एक... दोन... तीन... चार... पाच... आणि मी बघतोय मॅडमकडे, मॅडमचं तोंड उघडं. साहेब खुर्चीतून अर्धवट उठलेले. सहा... सात... आणि तेव्हा, तेव्हा मला दिसली! मांडवाच्या बरोबर मधोमध, पिवळ्या रंगाने रंगवलेली, हार घातलेली, वाळूची सहा छोटी पोती शेजारी रचलेली, समोर वळणाच्या खुणा, पुढे लाकडी उतार... ढकलगाडी! राखेची! एकलहऱ्याची! ती एकचाकी! अहो, जानेवारीत कुणाच्या तरी पायावर भरलेली ढकलगाडी उलटली होती, म्हणून ती कशी भरावी, कशी वळवावी, उतारावर कशी धरावी, हे शिकवायला त्यांना अनुभवी माणूस हवा होता! वळणावर जरा नीट दाखवा! उतारावर! बॅलन्स! मी कपाळाला हात लावला. शेजारी रोहित बसलेला, तो म्हणाला, 'मला वाटलंच होतं.'

आणि पुंजारामलाही दिसलं. दहाव्या पायडलला दिसलं. पण त्याला थांबता कुठं येत होतं? अकरा... बारा... आमचा आकडा संपला, आता पडणार, मी डोळे मिटले... आणि धप्प आवाजच नाही! डोळे उघडतो तर तेरा! चौदा! हा सरळ त्या ढकलगाडीकडे चाललाय, गाडीचे दोन दांडे ह्याच्याकडे तोंड करून, आणि ह्याचे हात, ते पाच वर्षांचे हात, आपोआप खाली गेले, मुठी आवळल्या, आणि ह्या वेळी, तुम्हाला सांगतो, ह्या वेळी मुठींमध्ये दांडे होते! धरायला होतं हो! धरायला होतं! चाक खालून सुटलं, एकटंच पळालं, पुंजाराम दोन्ही पायांवर उभा, दोन्ही हातांत दांडे, आणि तोंडातून असा एक श्वास सुटला की माईक बंद असून दोनशे माणसांनी ऐकला.

त्यानंतर जे झालं ना, ते बघायला पाहिजे होतं तुम्ही. थांबला नाही तो. सहा पोती चाकाच्या बाजूला अशी रचली, गाडी उचलली, आणि निघाला! वळण घेतलं, पाण्यासारखं. उतारावर गाडीपुढे न जाता तिला मागे ओढून धरत, पावलं आखूड टाकत, बोलतसुद्धा होता, न विचारता, 'भार पुढे ठेवायचा, मागे ठेवला की मनगट जातं. वळताना नजर चाकावर नाही, जायचंय तिथे.' आमचा पुंजाराम! दारात टोपी पिळणारा! लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि तो रडत होता आणि ढकलत होता, ढकलत होता आणि हसत होता.

नंतर त्याने उज्वला मॅडमना सगळं सांगितलं. फॉर्म, रोहित, खोकं, चोवीस दिवस. मॅडम इतक्या हसल्या की खुर्चीचा हात धरून बसल्या. 'अहो पगारे, विचारायचं ना!' म्हणाल्या, 'आणि खोटं कुठं लिहिलंत तुम्ही? खरंच तर होतं!' पुंजारामला इतकं हलकं वाटलं, म्हणाला, काका, घरी चालत जाऊ. चाललो. अंबडपासून. माझे गुडघे कुणी विचारले नाहीत.

पण कायमची यादी? ती काही लागली नाही. पाच तारीख गेली, सहा गेली. सात तारखेला टाइम ऑफिसमध्ये, हजेरी लागते तिथे, ह्याला बोलावलं, वहीत सही घेतली आणि हातात एक बंद पाकीट दिलं. ह्याच्याच्याने ते उघडवेना. तसंच खिशात घालून घरी आला, आणि मला हाक मारली. संजनाने उघडलं. वरचा ठळक मथळा तेवढा वाचला आणि कागद खाली ठेवला. 'मेमो आहे,' म्हणाली. चांगुणाबाई विचारते, 'म्हंजे काढलं का गं त्याला?' लेकरं पुस्तकं घेऊन कोपऱ्यात सरकली. पुंजाराम भिंतीकडे तोंड करून उभा.

मी कागद घेतला. आता बाकी काही मला कळत नसेल, पण मेमो! मी तेवीस वर्षं नोकरी केली, चार मेमो घेतलेत, मेमो कसा वाचायचा ते मला कुणी शिकवू नये. वाचला. 'आपण दिनांक चार मार्च रोजी कंपनीच्या आवारात हेल्मेट न घालता, पूर्वपरवानगीशिवाय, ब्रेक नसलेले वाहन चालविले, व सदर वाहन सोडून दिल्यामुळे ते मान्यवरांच्या टेबलावर आदळून पाण्याचा जग पडला. अठ्ठेचाळीस तासांत लेखी खुलासा सादर करावा.' आणि मग मी वर गेलो, जिथे नाव असतं. आणि ओरडलो!

'अरे गाढवा! इकडे बघ! काय लिहिलंय? प्रति, श्री. पुंजाराम पगारे, कायम कामगार!'

'काय?'

'कायम कामगार! टोकन नंबरसकट! अरे, ठेकेदाराच्या माणसाला मेमो देतं का कोणी? त्याला नुसतं सांगतात, उद्या येऊ नको! त्याच्याकडे कोण मागतंय खुलासा? मेमो मिळायला माणूस कंपनीचा असावा लागतो, पुंजाराम! यादी गेली तिकडे, यादीच्या आधी मेमो आलाय तुझा!'

तुम्हाला सांगतो, त्या घरात जे झालं! संजनाने कागद माझ्या हातातून घेतला, ती ओळ वाचली, परत वाचली, मोठ्याने वाचली, आणि मग, तीन वर्षांत पहिल्यांदा, ती नवऱ्यावर ओरडली! 'हेल्मेट घालायला काय झालं होतं तुम्हाला? डोकं फुटलं असतं म्हणजे? आता कायम झालात ना, नीट राहा!' आणि पुंजाराम ऐकून घेतोय, मान खाली घालून, इतका सुखाने की मी बाहेर आलो. संध्याकाळी सगळ्या कॉलनीला पेढे. लोक विचारायचे, कशाचे? चांगुणाबाई दारादारात अभिमानाने सांगायची, 'माझ्या बाळाला मेमो मिळाला!'

राहता राहिला खुलासा. मी म्हटलं, मी लिहून देतो, मला सवय आहे, 'झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे', दोन ओळी, संपलं. नाही! म्हणाला, काका, पहिला आहे, मनापासून लिहू दे. आणि मला न दाखवता देऊन आला. काय लिहिलं होतं माहितीये? सुवाच्य अक्षरात! 'आपला मेमो मिळाला. घरी सर्वांना फार आनंद झाला. असाच लोभ असावा.'

त्यावर आता दुसरा मेमो आलाय.